दीडपट अंगठा

"रतनभाऊ, तुझं ते भिंग घे आन् बोरीच्या तांड्यावर ये. आत्ताच्या आत्ता."

फोनवर पोलिसांचा बीट जमादार प्रेमसिंग होता. हा माणूस एरवी तब्येत विचारण्यातच पाच मिनिटं घालवतो. आज त्यानं नमस्कारसुद्धा केला नाही.

"काय झालं?"

"बेबीबाईच्या घराला कुलूप लागलंय. तिचं न्हाई. दुसऱ्याचं."

दुपारचे चार वाजले होते. आखाडा बाळापूरच्या रत्नपालच्या फोटो स्टुडिओत दोनच माणसं होती, तो स्वतः आणि हिरासिंग. चार वाजता रोज हीच दोन माणसं असत. हिरासिंग दारातून "जयभीम" म्हणत आत यायचा, रत्नपाल त्याच्या बंजारा रिवाजानं "जय सेवालाल" म्हणायचा, मग चहा. तीन वर्षांत हे चुकलं नव्हतं.

तीन वर्षांपूर्वी रत्नपालची बायको करुणा वारली. पंधरा दिवस गाव आलं, मग ज्याचं त्याला काम लागलं. येत राहिला तो एकटा हिरासिंग. बाळापुरातच राहणारा, तीस वर्षं कळमनुरीला तहसिलीबाहेर बसून अर्ज लिहिलेला माणूस. आता हात कापतो म्हणून रत्नपालच्याच कॉम्प्युटरवर टाइप करायचा. त्याच्यासाठी रत्नपालनं एक कोरं पान बनवून दिलं होतं. जुनं मशीन मंद होतं, म्हणून पान हलकं, कमी ठिपक्यांचं ठेवलं होतं. मशीन बदललं, पान तेच राहिलं.

स्टुडिओच्या भिंतीवर करुणाची फ्रेम होती. फ्रेम चांगली हातभर, आणि आत पांढऱ्या कागदाच्या मधोमध पोस्टाच्या तिकिटाएवढा फोटो. नवं गिऱ्हाईक आलं की हमखास विचारायचं, "एवढा बारीक काहून?" रत्नपाल "तुमचा साइज कोणता?" विचारायचा. सगळ्या पंचक्रोशीची लग्नं काढली त्यानं, पण बायकोला कधी समोर बसवली नाही. म्हणायचा, काढू की, कुठं पळून चालली! शेवटी एका जुन्या मोबाइलमधल्या घोळक्याच्या फोटोतून तिचा चेहरा कापून घ्यावा लागला. तेवढाच निघाला.

"बेबीबाई म्हणजे तुमच्याच तांड्याची ना, हिराभाऊ?"

"माझ्याच. आन् तिचा पुतण्या सुदाम माझा जावई. म्हणून मी काई बोलत न्हाई बाबा. बोललं तरी वाईट, न्हाई बोललं तरी वाईट." हिरासिंगनं चहाचा घोट घेतला. "बुढीचं डोकं आता ठिकाणावर न्हाई, एवढं मातर खरं."

"येता का?"

"चल की."

स्कूटरवर मागं बसून हिरासिंग निघाला. सोयाबीन निघून गेलं होतं, रानात तूर तेवढी उभी होती. 

बेबीबाई मंदिराच्या ओट्यावर बसली होती. बाजूला गाठोडं. सत्तरीची, मुठीएवढी बाई. नवरा जाऊन बारा वर्षं झालेली, पोटी लेकरू नाही. बहीण आजारी म्हणून आठ दिवस सेनगावकडं गेली होती. काल परत आली तर दाराला नवं कुलूप, आणि सुदामनं हातावर टेकवलेली कागदाची झेरॉक्स.

मूळ कागद प्रेमसिंगनं ग्रामपंचायतीतून आणला होता. टाइप केलेला. रत्नपालनं वाचला.

"मी बेबीबाई, राहणार बोरीचा तांडा, माझे घर व अंगण पुतण्या सुदाम याचे नावे करून देत असून सदर संमती राजीरजामंदीने, बिनानशापाणी, कोणाचे दडपण नसता देत आहे. निशाणी डावा अंगठा."

खाली निळा अंगठा. मधोमध तिरपी पांढरी रेघ.

"उद्या दहाला पंचायतीची बैठक हाय," प्रेमसिंग म्हणाला. "कागदावर कोणी हरकत घेतली न्हाई तर घर सुदामच्या नावावर चढलं. हिची हरकत हाय, पण पुरावा काय? अंगठा हिचाच हाय. विळा लागलेला वण बी तोच. बुढी एवढीशी, पण अंगठा बघ, पैलवानाचा!"

तो हसला. रत्नपाल हसला नाही.

सुदाम समोरच उभा होता. तिशीचा, डोळे जमिनीत.

"कागद कोणी लिहिला, सुदाम?"

"काकीनंच आणून दिला."

"काकीला लिहिता येतं?"

"न्हाई. लिहून आणला असंल कुठून तरी. दिपकच्या सेंटरवरून असंल."

"तुझ्यासमोर अंगठा दिला?"

"न्हाई. दिलेलाच होता."

"तुला कॉम्प्युटर येतो?"

"मला फोनवर नाव टाकता येत न्हाई, भाऊ. बायको टाकून देती, पुजा."

हे मात्र त्यानं मान वर करून सांगितलं. खरं बोलताना माणसाची मान आपोआप वर येते.

रत्नपाल ओट्यावर टेकला. "मावशी, तुमी दिला का अंगठा?"

"न्हाई दिला." मग ती थांबली. "पण बाबा, सगळे म्हणतेत दिला. काल रातपासून एकटीच इचार करून राहिले. दिला असंल का म्या? इसरले असंल का? घरात बोलायला माणूस न्हाई. कोणाला इचारू, म्या काय केलं न् काय न्हाई?"

 बोलायला माणूस नसलं की आपलंच आपल्याला खोटं वाटायला लागतं, हे त्याला कोणी शिकवायची गरज नव्हती.

"शाईचा अंगठा आधी कधी दिला होता?"

"चैतात. पेन्शनीच्या अर्जावर. हिराभाऊनंच हात धरून टेकवला."

"व्हय, मीच," हिरासिंग म्हणाला. "तुझ्या दुकानातच तर आणला होता स्कॅन करायला. मग दिपकनं ऑनलाइन भरला."

रत्नपालनं मान हलवली. प्रेमसिंगकडून शाईची डबी घेतली, बेबीबाईचा अंगठा कोऱ्या कागदावर उमटवून घेतला आणि खिशातून पट्टी काढली. रुंदी सोळा मिलिमीटर. मग तीच पट्टी त्या कागदावर धरली. चोवीस.

 तो भिंग काढून कागदावर वाकला. शिक्क्याची शाई कागदात एकसारखी मुरते. इथं निळ्यात गुलाबी आणि काळे बारीक ठिपके होते.

"जमादार, हा अंगठा बोटानं उमटवलेला न्हाई. छापलेला हाय."

ओट्यावरचे लोक एकदम गलका करायला लागले. प्रेमसिंगनं हात वर केला. "छापला कोणी?"

"उद्या दहा वाजेपर्यंत सांगतो. हा कागद आन् मावशीचा नवा अंगठा, दोन्ही माझ्यासंगं द्या."

"ने. पण दहाला बराबर इथं पाहिजे."

दिपकचं ऑनलाइन सेंटर बाळापूरच्या बाजारपेठेत होतं. हिरासिंग पाय दुखतात म्हणून बाहेर स्कूटरपाशीच थांबला. दिपकनं प्रश्न ऐकला आणि कानांवर हात ठेवले.

"माझ्यावर काहून आळ, रतनभाऊ? माझ्याकडं असली कामं होत न्हाईत."

"बेबीबाईचा पेन्शनीचा अर्ज तुझ्याकडं हाय का?"

"हाय ना. तुमी स्कॅन करून दिलेली फाइल लई जड होती. पोर्टल घेईना. म्हणून ती पुसून टाकली आन् परत स्कॅन केला, इंचाला शंभर ठिपक्यांवर."

"कायम शंभरवरच करतोस?"

"कायम. जड फाइल सरकार घेत न्हाई. बघा मशीन."

रत्नपालनं मशीन बघितलं; ती जड फाइल त्यात कुठंच नव्हती. मग विचारलं, "दिपक, 'राजीरजामंदी' म्हणजे काय रे?"

"काय? ते हॉटेलाचं नाव हाय का?"

रत्नपालला हसू यायला पाहिजे होतं. आलं नाही. दिपकच्या मशीनमधून त्यानं बेबीबाईच्या अर्जाची फाइल तेवढी मागून घेतली.

हिरासिंगला त्यानं स्टँडवर सोडलं. "काई लागलं का हाताला?" हिरासिंगनं विचारलं.

"बघतो."

"बघ बाबा. पण लई खोलात जाऊ नको. घरातलं भांडण हाय, घरातच मिटंल." आणि हिरासिंग हळूहळू निघून गेला.

दिवस मावळायला अजून थोडा अवकाश होता. रत्नपालनं दुकानात येऊन दिपकची फाइल उघडली. शंभरवर स्कॅन केलेला अंगठा. तो ताणून चोवीस मिलिमीटरचा केला आणि छापला. अंगठ्याच्या रेषांच्या पायऱ्या झाल्या, वणाचे चौकोन झाले.

हे चौकोन त्याच्या ओळखीचे होते. करुणाचा फोटो मोठा करताना त्यानं ते सतरा वेळा बघितले होते. डोळ्याच्या जागी चार चौकोन, कुंकवाच्या जागी एक. जे ठिपके कधी घेतलेच नाहीत, ते मागून कुठून आणणार?

पण खोट्या कागदावरचा अंगठा मोठा असूनही स्वच्छ होता. रेघ न् रेघ मोजावी. म्हणजे ज्या फाइलमधून तो आला तिच्यात ठिपके भरपूर होते. शंभरवर नव्हे, तीनशेवर स्कॅन केलेली फाइल. आणि बाळापुरात तीनशेवर स्कॅन करणारं दुकान एकच होतं.

काखेत कळसा आणि गावाला वळसा! रत्नपाल आपल्याच स्कॅनरकडं बघत राहिला.

मग त्यानं आपल्या कॉम्प्युटरमधली बेबीबाईची चैतातली फाइल उघडली, तिच्यातून अंगठा कापला, दुसऱ्या एका पानावर चिकटवला, कुठं ओढला नाही की ताणला नाही, आणि छापला. पट्टी ठेवली. चोवीस. खिडकीच्या काचेवर दोन्ही कागद एकमेकांवर धरले. अंगठ्यावर अंगठा बसला, वणावर वण बसला.

तो खुर्चीत बसला. वर करुणा होती, तिकिटाएवढी. "सांगू का नको?" त्यानं तिला मोठ्यानं विचारलं. गप्प बसला तर उद्या चार वाजता चहा होता. बोलला तर चार वाजता कोणी नव्हतं. पण ओट्यावर गाठोडं घेऊन बसलेली ती बाई त्याच्या डोळ्यांपुढून हलेना. 

सकाळी तांड्यावर जाताना हिरासिंग पुन्हा मागच्या सीटवर होता. अर्ध्या वाटेत, तुरीच्या रानापाशी रत्नपालनं स्कूटर थांबवली.

"हिराभाऊ, मला काई सांगायचंय का तुमाला?"

"मला? न्हाई बा."

"बघा. दहा वाजायला टाइम हाय अजून."

हिरासिंग तुरीकडं बघत होता. "चल," तो म्हणाला. "उशीर व्हईल."

पंचायतीच्या खोलीत सरपंच शिलाबाई, जमादार, सुदाम, त्याची बायको पुजा, कोपऱ्यात बेबीबाई, आणि दाराखिडकीत अख्खा तांडा. दिपकलाही प्रेमसिंगनं बोलावून घेतलं होतं.

"बोल रतनभाऊ," प्रेमसिंग म्हणाला. "अंगठा छापील कशावरून?"

"ठिपक्यांवरून, आन् मापावरून. मावशीचा अंगठा सोळा मिलिमीटर. कागदावरचा चोवीस. माणसाचा अंगठा दीडपट वाढत न्हाई. आन् कमी-जास्त न्हाई, बराबर दीडपट."

"मग अंगठा वाढला कसा?" शिलाबाईंनी विचारलं.

"बाई, कॉम्प्युटरमधल्या चित्राला इंच नसतात, नुसते ठिपके असतात. एका इंचात किती ठिपके बसवायचे, ते कागदावर ठरतं. आता असं समजा, बियाणं तेवढंच हाय. दाट पेरलं तर थोड्या रानात संपतं. विरळ पेरलं तर तेच बियाणं जास्त रान धरतं. मावशीचा अंगठा स्कॅन केला तेव्हा इंचाला तीनशे ठिपके होते. चिकटवला ते पान इंचाला दोनशे ठिपक्यांचं. चिकटवताना मशीन इंच बघत न्हाई, ठिपके बघतं. तीनशेचं बियाणं दोनशेच्या रानात गेलं, ते दीडपट पसरलं."

कोपऱ्यातून बेबीबाईचा आवाज आला. "म्हंजे माझा अंगठा विरळ पेरला मेल्यानं!"

खोली हसली. पहिल्यांदाच तांडा तिच्या बाजूनं हसला होता.

"दिपकचा स्कॅन शंभरचा," रत्नपाल पुढं म्हणाला. "तो एवढा मोठा केला तर असा दिसतो." त्यानं पायऱ्या पडलेला अंगठा टेबलावर ठेवला. "म्हणून दिपक सुटला. सुदामला मशीन चालवता येत न्हाई. तीनशेचा स्कॅन फक्त माझ्या दुकानात होतो."

"म्हंजे तू?" प्रेमसिंगची भुवई चढली.

"माझं मशीन, व्हय. आन् पानबी माझ्याच मशीनमधलं. माझी सगळी कामं तीनशेवर असतात. दोनशेचं पान एकच हाय. ते मी एका माणसासाठी बनवलं होतं, जुनं मशीन असताना. त्या पानावर दुसरं कोणी टाइप करत न्हाई. मी लग्नाच्या फोटोला गेलो की दुकानाची चावीबी त्याच माणसाकडं असती."

त्यानं कागद उचलला. हळू वाचला. "'राजीरजामंदीने, बिनानशापाणी.' आजकालची पोरं 'राजीखुशीनं' लिहितील, त्यांना हा शब्द माहीत न्हाई. निजामाच्या वेळच्या उस्तादाकडं लिहायला शिकलेला माणूसच हे लिहितो. ज्यानं तीस वर्षं हजारो लोकांचे अंगठे हातात धरून कागदावर टेकवले, त्यानं लिहिलं. हात धरायची सवय त्याला. अंगठा केवढा असतो, हे बघायची कधी गरजच पडली न्हाई."

सगळ्यांच्या माना एकदम दाराकडं वळल्या.

हिरासिंग दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. त्यानं टोपी काढून हातात घेतली.

"बापू, सांगा न्हाई म्हणून!" पुजा ओरडली.

"काय सांगू, पोरी?" हिरासिंग म्हणाला. "एका पत्र्याच्या खोलीत सात माणसं. दोन लेकरं घेऊन तू कशी झोपत होतीस, मी बघितलंय. आन् ही एकटी तीन खणांच्या घरात. हिच्या मागं ते सुदामचंच व्हणार होतं. मी फक्त थोडं आधी केलं."

बेबीबाई उठली. गाठोडं तिच्या हातातच होतं.

"मागं व्हणार होतं ना, हिराभाऊ? मग मला मरू तर द्यायचं!" ती हिरासिंगच्या समोर आली. "आन् मला येडी काहून ठरवलं? एकडाव दारात येऊन मागितलं असतं, तर एक खण दिला असता म्या. दोन दिले असते. लेकरं आली असती घरात. कोणीतरी बोललं असतं माझ्याशी."

 पुजा खाली बसून रडायला लागली. शिलाबाईंनी कागदावर लाल पेनानं उभी रेघ मारली. सुदामनं खिशातून किल्ली काढली आणि काकीच्या हातावर ठेवली.

बाहेर पडताना हिरासिंग रत्नपालपाशी थांबला.

"वाटेत इचारलंस तेव्हाच तुला माहीत होतं?"

"व्हय."

"मग चार शब्द जास्त इचारायचे होते."

"तुमी बोलाल असं वाटलं होतं, हिराभाऊ."

दुसऱ्या दिवशी दुपारी प्रेमसिंगचा फोन आला. "रतनभाऊ, गुन्हा नोंदलाय. कागदपत्राला हिरासिंगचा फोटो लागतो. तुझ्याकडं असंलच."

"असंल की," रत्नपाल म्हणाला.

त्यानं मशीन उघडलं. पंधरा वर्षांचे फोटो. लग्नं, बारशी, निवडणुका, शाळेची संमेलनं, बैलांचे सुद्धा फोटो. हिरासिंगचा एकही नव्हता. एका हळदीच्या फोटोत मागं चहा पिताना अर्धी टोपी आणि एक कान दिसत होता. त्यानं तो कान मोठा करून बघितला. चौकोन आले.

रोज दोन हातांवर बसलेला माणूस. काढू की, कुठं पळून चालला!

रत्नपालनं कॅमेरा उचलला, दुकान बंद केलं आणि ठाण्यात गेला. भिंतीवरच्या घड्याळात चार वाजले होते. हिरासिंग बाकावर बसला होता. एका रात्रीत म्हातारा झाला होता. 

"जय सेवालाल, हिराभाऊ," रत्नपालच आधी म्हणाला.

हिरासिंगनं मान खाली घातली. मग बारीक आवाजात म्हणाला, "जयभीम."

"इथं उजेडात बसा. हनुवटी वर करा. थोडी अजून."

"पासपोर्ट साइजचा बस हाय," प्रेमसिंग म्हणाला.

रत्नपालनं ऐकलं नाही. कॅमेऱ्यात होतं तेवढं सगळ्यात मोठं माप त्यानं लावलं. एकदा काढला, दोनदा काढला, मग जवळ जाऊन तिसऱ्यांदा काढला.

"एवढे काहून काढतो?" हिरासिंगनं विचारलं. "केवढा करायचाय?"

"जमादाराला तिकिटाएवढा देतो," रत्नपाल म्हणाला. "माझ्याकडं मोठा ठेवतो."